दारेमूच्या गाठी, कानीसूरची अब्रू

कानीसूर, मायफळांच्या तोडणीचे दिवस

आदरणीय हिवामामांना, डोळ्यांवर हात ठेवून भाचा हेमिनचा सलाम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींच्या हातच्या, द्राक्षाच्या पानांत भात भरलेल्या दोलम्याची आठवण येते. आईची कंबर दुखते, पण मी समोर असलो तरच. बाकी सगळं क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.

शिलानशी माझं ठरलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिचे वडील सालार दरीपलीकडच्या दारेमूचे, त्यात मायफळांचे व्यापारी, म्हणजे दोन्हीकडून फुगलेले. त्यांची अट अशी की, नवरीला ताक घुसळायला जी बकरीच्या कातड्याची मश्क द्यायची, ती कानीसूरच्याच मायफळांत कमावलेली हवी. त्याशिवाय लग्नाची तारीख नाही. आमच्या उतारावरचा माल हलका, हे त्यांना सगळ्या पाहुण्यांना दाखवायचं आहे. (जावयाला ताकात बुडवायची हौस, दुसरं काय.)

तेवढ्यात विद्यापीठातून माहरुखबाई आल्या, दरीच्या कुठल्या बाजूला ओकांवर किती तऱ्हेच्या गाठी आहेत ते बघायला. त्या म्हणतात, मायफळ हे फळच नव्हे. बारीकशी माशी ओकाच्या फांदीला टोचून अंडं घालते आणि झाड तिच्या पोरासाठी घर वाढवतं, तीच ही गाठ. ओकाची जात बदलली की माशी वेगळी, घरही वेगळं. (आगंतुकाच्या पोरालाही घर देतं. सासरा म्हणून ओकच बरा होता.) आमचे मुखिया हाजी ओस्मान यांनी यातलं एवढंच ऐकलं की दारेमूकडे तऱ्हा जास्त आहेत. त्यांना जेवण जाईना. बैठक बसली, चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि ठरलं की पलीकडच्या गाठी गुपचूप आणून आपल्या झाडांना बांधायच्या. चढणार कोण, तर ज्याला रडायला बायको नाही तो.

चढलो. काटेरी, लोकरी, टोपीसारखी, हाताला येईल ती गाठ समोरच्या फांदीला आईच्या हिरव्या लोकरीने बांधली. कुठली गाठ कुठल्या ओकाची, हे बघायला हाजींना सवड नव्हती आणि मला अक्कल.

बाईंनी खालून दुर्बीण लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. माश्यांनी चक्क झाड बदललं होतं, जे म्हणे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. झालं! अभ्यास संपेपर्यंत आमच्या उतारावर गाठीला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम घेऊन वनरक्षक हजर. हाजींनी सुरनाई-ढोल बोलावले, सगळे हात धरून नाचले. नाच संपल्यावर कुणालातरी आठवलं की आता तोडलं नाही तर माश्या भोक पाडून उडतील आणि माल मातीमोल होईल. माझं बकरीचं कातडं मीठ लावून पडलं आहे, त्याच्या वासाने शेजारी फिरकत नाहीत.

मी म्हटलं, बाईंना खरं सांगून टाकतो. हाजी म्हणाले, "सांग की. मग दारेमूला तोंड दाखवायला तूच जा."

तुमचा,
हेमिन

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या बानेच्या बाजारातून भोक न पडलेल्या मायफळांचं पोतं पाठवा, वर अक्रोड पसरा. तिथल्या सालारांच्या दुकानातून मात्र घेऊ नका.

ता. क. पोतं नको. जीपवाला आजारी, म्हणून पत्र इथेच राहिलं, आणि शिलानने वडिलांच्याच कोठारातलं पोतं गाढवावरून धाडलं. सोबत निरोप, "कानीसूरचं म्हणून खुशाल सांग. बाबांना दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, फक्त सांगता येतो." मामा, मला ही मुलगी फार आवडते.

ता. क. जीपवाला अजून आजारीच. मश्क तयार झाली. सालारांनी ती चोळली, हुंगली आणि चारचौघांत म्हणाले, "बघा, दारेमूच्या मालाची सर नाही ती नाहीच." मग खूश होऊन तारीख दिली. तुम्ही लवकर या. लग्नात हसू आवरायला मला कुणीतरी वडीलधारं शेजारी लागेल.