पेरूत मी खाली उतरले

कॅरी, अमेरिका, ५ ऑगस्ट

प्रिय उपासनाताई,

सप्रेम जयभीम. पेरूहून विश्वजित, पारमी आणि मी, तिघंही नीट परतलो. आईचे गुडघे कसे आहेत?

फोटो तू पाहिलेसच. डोंगर खरंच सुंदर होते. पाठीवर सॅक घेऊन चार दिवस चालायचं होतं. आम्ही आणि विश्वजितच्या ऑफिसमधली दोन कुटुंबं, शिवाय गाइड आणि तंबू वाहणारी खेचरं घेऊन तिथलीच एक बाई. दुसऱ्या दिवशी उंचीमुळे मला श्वास घेता येईना, उलट्या सुरू झाल्या. गाइड म्हणाला, हिला आत्ताच खाली न्या.

विश्वजित म्हणाला, "तू या खेचरवाल्या बाईबरोबर जा. सगळ्यांचा प्लॅन कशाला बिघडवायचा?" पारमी रडायला लागली, तर तिला हाताला धरून तो पुढे गेला.

दोन दिवस त्या बाईच्या घरी पडून होते. तिची भाषा मला कळत नव्हती, पण ती सारखी येऊन माझ्या कपाळाला हात लावायची. विश्वजितचा एकच मेसेज आला, "व्ह्यू जबरदस्त आहे यार."

आता मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस.

काल शेजारचे काका-काकू जेवायला आले होते. विश्वजित त्यांना सांगत होता, "आमची अख्खी फॅमिली वर पोचली." पारमी मान वर न करता म्हणाली, "मॉम वॉजन्ट देअर." मग विश्वजितने माझ्याकडे भात मागितला आणि मी वाढला. ताई, मला राग याचाच येतोय, की मी वाढला.

आईला सांग, ट्रिप छान झाली. ते खोटं नाही. त्यांची झालीच.

तुझी,
संघमित्रा