दुभाजकावर काय घालायचं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,

वाकून नमस्कार, कंबर परवानगी देते तितकाच. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीने माझ्या चहातली साखर बंद केली आहे, तेव्हा पत्रात गोडवा कमी पडला तर तिला धर.

तुझं पत्र पोचलं. सोमवारच्या बैठकीला तू येणार आणि आम्हा रस्तेवाल्यांना काँक्रीटची भिंत घालायला लावणार. "दोऱ्या कसल्या बांधताय? गाडी आहे की वासरू?" वासराला हसलो. पुढचं मात्र लवकर वाचवेना.

तर ऐक. भिंत भक्कम. मालट्रकलाही अडवते, धडकेनंतर फारशी दुरुस्ती मागत नाही. पण ती तसूभर हलत नाही. सगळा मार गाडीतल्या माणसाला, आणि गाडी पुन्हा आपल्याच रहदारीत फेकली जाते. खांबांवर ठोकलेली पोलादी पट्टी चेपते, थोडा मार स्वतः खाते. मधल्या भावंडासारखी, हे अनुभवाने सांगतो. आणि दोऱ्या नव्हेत, बाईसाहेब, पोलादी तारा. त्या ताणल्या जातात, गाडीला झेलतात, सावकाश थांबवतात. त्यांना मागे मोकळी जागा लागते. शिवाय एकदा गाडी आदळली की खांब बदलून तारा पुन्हा ताणेपर्यंत तेवढ्या भागाचा भरवसा नाही. हे काम आमच्याकडे रेंगाळतं, हा तुझा टोमणा शिरसावंद्य.

अपघाताच्या त्या वळणाशी दुभाजक रुंद आहे, नुसतं गवत. एवढी रुंदी पुरे, असं आमचे नियम म्हणत होते. मी तारांच्या बाजूने मत देणार आहे.

तू लिहितेस, समोरून घुसणाऱ्याला भिंतच अडवते, आणि "त्या बाईला" चारचौघांत विचारणार आहेस की माझ्या लेकराने तुझं काय बिघडवलं होतं.

ताई, मौनं सर्वार्थसाधनम्, असं नाना आपल्याकडून घोकून घ्यायचे. पोलिसांकडे मी गेलो होतो. तुला एवढंच म्हटलं, समोरासमोर धडक झाली. बाकीचं तू लावून घेतलंस आणि मी लावू दिलं. पण सोमवारी अपघाताचा नकाशा पडद्यावर दाखवतील, त्यात गाडी कुठून कुठे गेली ते बाणाने काढलेलं आहे. ते तुला परक्यांच्या खोलीत कळू नये.

ती बाई तिच्या बाजूने नीट येत होती. गवतावरून पलीकडे गेली ती आपल्या पोराची गाडी. ब्रेकची खूण नाही. दारूबिरू काही नव्हतं. रात्रपाळी संपवून तसाच तुझ्याकडे निघाला होता. डोळा लागला असणार.

ती निवृत्त नर्स आहे. कुबड्या घेऊन येते. मागच्या बैठकीत साहेबांनी तिला विचारलं, काय घालावं? म्हणाली, "माझ्यापुरती भिंत बरी. पण तसा एखादा पोरगा वाचेल असं काही असेल, तर ते घाला."

तारांनी तो वाचला असता का, हे तू विचारणारच. बहुतेक वाचला असता. खात्रीने सांगता येत नाही, आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

सोमवारी सकाळी मी न्यायला येतो. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. जे बोलायचं ते मला बोल, हवं तेवढं. त्या बाईंना नको.

तुझा भाऊ,
त्याचा मामा