पांढऱ्या गोळ्या आणि हिरवा चुडा

बाबा, आज आईला महिन्याच्या तपासणीला नेऊन आणले. बरं वाटतंय तर कशाला जायचं, असे ती दर वेळेसारखेच म्हणाली, आणि मीही दर वेळेसारखे तुमचेच वाक्य तिला ऐकवले, की गोळी वाढवायची की थांबवायची हे गोळी घेणाऱ्याने ठरवायचे नसते. ती हसली आणि चपला घालू लागली. तुम्हाला जाऊन बारा वर्षे झाली, तरी या घरात तुमचा शब्द चालतो.

तुम्ही घाटकोपरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. शाळा सुटली की मी तिथे येई आणि तुमच्या टेबलाच्या कडेला बसून औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या कापत असे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा. चाळीतली माणसे तुम्हाला डॉक्टरच समजत. खोकल्याला काहीतरी द्या म्हणून कोणी घरी आले, तर तुम्ही त्याला चहा पाजत होता. औषध कधीच दिले नाही. "मी बाटली भरतो, रोग ओळखत नाही," एवढेच सांगायचा. कंपाउंडरच्या घरी फक्त चहाच मिळतो, अशी शेजारी चेष्टा करत आणि वर्गात पहिली येणाऱ्या मला तुमच्या त्या वाक्याची थोडी लाज वाटे.

मग मावशीचे लग्न ठरले. आईला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी पांढरी गोळी दिलेली होती, रोज एक. कासार चुडा भरायला येणार होता आणि तिच्या सुजलेल्या हातांवर मापाच्या बांगड्या चढत नव्हत्या. त्या गोळीने सूज उतरते, एवढे तिला अनुभवाने कळले होते. "दवाखान्यातून थोड्या आण गो," ती मला म्हणाली. "बाबांना नको सांगू, ते डॉक्टरांना विचारत बसतील." थोरांना नाही म्हणणे मला कधी जमले नव्हते. तुम्ही आत डॉक्टरांकडे गेलात तेवढ्यात मी तपकिरी बाटलीतल्या मूठभर गोळ्या कागदात बांधून घेतल्या. आई एकाऐवजी तीन घेऊ लागली. कासार आला तेव्हा बांगड्या साबणाशिवाय सरकन चढल्या आणि तिने दोन्ही हात वर करून मला दाखवले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिसऱ्या दिवशी तिला पाटावरून उठता येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, लग्नघरचा शीण आहे, शहाळे पाजा आणि निजू द्या. मी शहाळे आणायला निघाले, तेवढ्यात तुम्ही आलात. अजून दिसते. तुम्ही तिला पाय उचलायला सांगता. पाय उचलत नाही. तुम्ही नाडीवर बोटे ठेवता, ओठांतल्या ओठांत मोजता आणि मोजता मोजता थबकता. काकू म्हणतात, "तुम्हीच द्या की काहीतरी. इतकी वर्षं औषधंच करताय ना?" तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "नुसते गोळे असते तर शहाळं ठीक होतं. पाय उचलत नाही आणि ठोका चुकतोय. आता घरात बसायचं नाही." आणि मला टॅक्सी आणायला पाठवता.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहून सांगितले, की पोटॅशियम फार खाली गेले आहे. आमच्या पुस्तकातले पोटॅशियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले होते; ते आईच्या अंगातही असते आणि त्यावर तिच्या हृदयाचे ठोके चालतात, हे कोणत्याच धड्यात नव्हते. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या किती घेत होता? आई म्हणाली, एकच. मला खरे माहीत होते आणि मी तिच्या हिरव्या चुड्याकडे पाहत राहिले. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "जास्त घेतल्यात. मीच आणून दिल्या होत्या."

तो तरुण डॉक्टर सगळ्यांदेखत तुम्हाला बोलला, कंपाउंडर असून एवढे कळत नाही का म्हणून. आयुष्यात कुणाला स्वतःच्या मनाने एक गोळी न दिलेले तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात. मग फक्त विचारलेत, आता धोका कशाचा आहे?

आई सलाईनवर सावरली. घरी आल्यावर पोटॅशियमचे ते खारट, कडू मिश्रण तुम्ही माझ्याच पट्टीच्या खाचेने मोजून तिला देत होता आणि वर अर्धे केळे. मला काहीही विचारले नाहीत. आठवड्याने मात्र बाटल्यांवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणालात आणि मजकूर सांगितलात: डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. बोटे दुखेपर्यंत मी तेच लिहीत होते. ते कौतुक होते की शिक्षा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

आईने तुम्हाला केव्हाच खरे सांगितले असणार, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. आज परत येताना धीर करून तिला विचारले. ती रस्त्यातच थांबली. "नाही गो," म्हणाली, "मला वाटलं तू सांगितलंस."

त्या चिठ्ठ्यांतल्या उरलेल्या थोड्या माझ्या पेटीत आहेत. हे पत्र त्यांच्याखाली ठेवीन. बाबा, त्या गोळ्या मी नेल्या होत्या.