बाटलीमागे एक वहाण

शेगाव, ४ एप्रिल १९४२
आजही बाटल्या गेल्या! गाडीची शिट्टी झाली की गिऱ्हाईक सोड्याची बाटली घेऊनच डब्यात चढतं — बापाची असल्यासारखी. उरलेल्या पोरं गोळीसाठी फोडतात. काचा रस्त्यावर आणि निम्मं गाव अनवाणी. काल एका बैलाचा पाय कापला, गाडीवानाने माझा उद्धार केला. लढाईमुळे नव्या बाटल्या येत नाहीत. पुढे काय, सोडा ओंजळीत ओतून विकू?

६ एप्रिल
देवळाबाहेर वहाणांचा ढीग पाहिला आणि डोकं चाललं. बाटली न्यायची तर एक वहाण दुकानाच्या फळीवर ठेवायची. बाटली द्या, वहाण न्या. एकच! एका वहाणेवर माणूस लांब जात नाही. देव दोन्ही काढायला लावतो, मी निम्म्यावर भागवतो. माझा भागीदार खुर्शीद म्हणतो, लोक मारतील.

१० एप्रिल
कोणी मारलं नाही! सगळे लंगडत येतात, बाटली देतात, वहाण घालून जातात. अनवाणी असेल त्याने टोपी ठेवावी. गवतवाल्या तानुबाईपाशी दोन्ही नाही — तिने विळा ठेवला. कुठली बेवारशी बाटली आणून दिली तर लेमन फुकट, हेही जाहीर केलं. कालपर्यंत बाटल्या फोडणारी पोरं आज गटारं धुंडाळताहेत. रस्त्यावर काच दिसत नाही. रुखमा म्हणाली, डोकं आहे म्हणायचं तुम्हाला. लग्नानंतर बायकोने केलेली पहिली तारीफ!

१५ एप्रिल
सासरे आले होते — महादेवराव पाटील, धामणगाव बढ्याचे. निघताना पोटात वायू धरला. सोडा फलाटावर बसून पितो, म्हणाले. रुखमा मला डोळ्यांनी खुणावत होती. मी म्हटलं, नियम! म्हाताऱ्याने हसत एका पायातला करकरीत जोडा काढून दिला. तेवढ्यात गाडी आली, ते बाटलीसकट चढले आणि गाडी सुटली. जोडा फळीवर! खुर्शीद आणि मी हसून हसून लोळलो. रुखमा हसली नाही.

१६ एप्रिल
रुखमा बोलत नाही. भाजीत मीठ नाही.

२० एप्रिल
सासरे परत आले. एका जोड्यानिशी पाटील दमणीतून, बैलं थांबवून, उतरले तेव्हा अख्खं धामणगाव पारावर होतं म्हणे. तेव्हापासून पोरं मागे लंगडत चालतात. त्यांनी बाटली अलगद पुढे ठेवली.

"घ्या जावईबापू, तुमची बाटली. माही पोरगी मी घेऊन चाललो."

आणि मी काय केलं? बाटली उजेडात धरून टवका उडालाय का ते पाहिलं!

रुखमा दारातच होती. म्हणाली, "बाटलीले उजेडात धरून पाह्यता. मले कधी पाह्यलं काय?"

दुपारच्या गाडीने दोघं गेले. स्टेशन समोर, पण मी दुकानाच्या मागच्या खोलीत सोड्याचं यंत्र फिरवत बसलो. हात जोडून आडवा गेलो असतो तर काय झिजलो असतो? गाढव आहे मी.

२४ एप्रिल
चार दिवस दुकानात गेलो नाही, खुर्शीदच बघतो. शेजारच्या सरस्वतीबाई भाकरी देऊन गेल्या आणि सांगूनही गेल्या, ती काही आता यायची नाही. दार लावून रडलो. भाकरी चांगली होती.

२७ एप्रिल
आज दुकानात गेलो. फळीवर एक बायकी वहाण. खुर्शीदला विचारलं, कुणाची?

"भाभीची. गाडीत बसाच्या आधी बाटली मांगतली. म्या म्हटलं, घरच्या माणसाले काऊन ठेव? तं म्हणे, नियम आहे नं."

वहाण पुसून ठेवली आहे. बाटली वाटेत फोडून आली तरी देईन.