पाण्यातल्या सहाव्या माणसाबाबत

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
साथरोग नियंत्रण कक्ष, बंदर विभाग.

विषय : नारळी पौर्णिमेच्या फोटोतील सहावा इसम पुसून टाकण्याचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार सुशांत कुबल, बंदरावरील फोटोग्राफर, सविनय सादर करतो की,

१. यंदा मिरवणूक नाही, ढोल नाही. पाचच जणांनी समुद्राला नारळ द्यावा आणि पाचच होते याचा पुरावा म्हणून अर्जदाराने फोटो काढावा, अशी परवानगी होती. बंदर इतके गप्प होते की भटजींचा मंत्र पलीकडच्या वाडीत ऐकू गेला.

२. दिलेला नारळ लाटेने काठाला परत आणला तर वर्ष वाईट जाते, असे इथे मानतात. म्हणून दरवर्षी महादू पराडकर छातीभर पाण्यात उभा राहून नारळ लाटेपलीकडे लोटतो. महादू मुंबईस बोटीवर खलाशी; पण रजा मिळो न मिळो, या सणाला तो येणारच. यंदाही तो पाण्यात उभा होता. तोंडाला मास्क नव्हता.

३. त्यास कोणी हटकले का नाही, असे आपण विचारता. सध्या मुंबईहून येणाऱ्यास विलगीकरणासाठी शाळेत ठेवतात. महादू लपूनछपून आला, असेच सर्वांना वाटले. मानकरी देवेश तांडेल पुटपुटले, "तेच्याकडे बघू नकात, नायतर तेका शाळेत नेऊन घालतीत." मग काय, तेरी भी चूप, मेरी भी चूप. महादूने नारळ लोटला आणि काठाकडे बघून हात केला. उलट हात कोणीच केला नाही. त्याचे अर्जदारास फार वाईट वाटते.

४. दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. महादू पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच इस्पितळात वारला होता. पिशवीत बांधून तिथेच सगळे उरकले.

५. सहावा इसम काढून फोटो द्यावा, अन्यथा दुकानास टाळे, असा आपला आदेश आहे. काँप्युटरवर हे काम सोपे आहे. अर्जदार त्यासाठी बसला आणि तसाच उठला. कारण महादूची बायको यशोदा तो फोटो बघून एवढेच म्हणाली, "तेंचा तोंड तरी माका बघूक गावला." अर्जदार भुतेखेते मानत नाही. पण जो एवढ्या लांबून आला, त्याला हाकलून देणे अर्जदाराच्या हातून होणार नाही. दुकानास खुशाल टाळे लावावे.

६. सदर इसमाने विनापास जिल्ह्यात प्रवेश केला, हे अर्जदारास मान्य आहे. सबब विनंती की, तो पुन्हा आढळल्यास त्यास शाळेत न ठेवता घरी राहू द्यावे. यशोदेने पडवीलगतची खोली सारवून ठेवली आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा
नम्र अर्जदार,
(सही) सुशांत कुबल
खालचे बंदर, ता. मालवण
दि. १० ऑगस्ट २०२०

सोबत :
मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
फोटो, न पुसलेला.
महादू पराडकर यांस चौदा दिवस घराबाहेर पडू देणार नाही, असे यशोदा पराडकर यांचे हमीपत्र.