धरण्याचे दिवस

सेलू,
श्रावण वद्य दशमी, शके १८६२

प्रिय लीला,

चंद्रभान काल बाजाराच्या गाडीबरोबर तुझं गाठोडं देऊन गेला. ब्राह्मीच्या तेलाची बाटली एक, सव्वा रुपया, हाली शिक्क्याचा. दगडी पाटी एक, पाच आणे. खारका पावशेर, तीन आणे. किमती तू आपण होऊन चिठ्ठीत लिहिल्यास, ही तुझी अक्का विचारल्याशिवाय राहणार नाही हे तुला ठाऊक. सगळं धड पोचलं. चिठ्ठीच्या तळाशी ज्या दोन ओळी लिहिल्यास, त्या वाचल्यापासून मात्र माझ्या अंगाची आग होते आहे. त्यांच्याकडे शेवटी येते. आधीच आले तर नुसती भांडेन, आणि तू पत्र मिटून ठेवशील.

द्वारकेचं विचारलंस. नऊ संपून दहावं लागलं, पाचाचा पाढा अजून पाठ नाही. सकाळी म्हणून दाखवते, दुपारपर्यंत पुसून गेलेला असतो. गेल्या आठवड्यात दिनकरराव मास्तरांनी भरल्या वर्गात तिच्या डोक्यावर टिचक्या मारत सांगितलं, "हिची टाळूच भरली नाही. वरून घातलं की तसंच खाली." पोरं हसली. घरी आल्यावर माझी लेक आरशापुढे बसून टाळू चाचपत होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. म्हटलं, फी दर महिन्याला वेळेवर पोचते, तिच्यात टिचक्या धरलेल्या नाहीत. तर म्हणतात, दसऱ्यानंतर हिचं नाव काढा, निदान चूल तरी शिकेल. जणू चुलीपाशी डोकं लागतच नाही.

पोरगी आळशी नाही गं. तीन जिन्नस आणायला धाडलं की फडक्याला आपल्या हातानं तीन गाठी मारून नेते. दुकानापाशी गाठी मोजते. तीन आणायचे एवढं कळतं, कुठले ते गेलेलं असतं. मग तशीच उभी राहते. मागची गिऱ्हाइकं पुढे जातात, आणि वाणी तिला 'गाठीवाली' म्हणतो. ह्यांच्याकडे विषय काढला तर उत्तर एकच, ज्याचं त्याचं नशीब. सासूबाईंचंही तेच. नशिबाच्या नावावर काय काय खपवतो आपण.

आषाढात हैदराबादेहून एक डॉक्टरीणबाई फिरतीवर आल्या होत्या. तिला घेऊन गेले. त्यांनी पाढा विचारला नाही, शाळा विचारली नाही. विचारलं काय, तर ही अंगावर पीत होती तेव्हा तुम्ही काय जेवत होता? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. तुलाही आठवत असेल, तू तेव्हा परकरात होतीस. द्वारकेच्या आधीचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. ही झाली तीही मूठभर. सासूबाई म्हणाल्या, ही जगावी तर चातुर्मासात धरणं-पारणं कर. एक दिवस धरणं, म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. दुसऱ्या दिवशी पारणं, तेही एक वेळ. मी चार महिने नेम एकदाही चुकवला नाही. शेजारणी येऊन पाया पडायच्या. आपली धुरपताबाई सुईण मात्र बाळाला न्हाऊ घालताना म्हणाली होती, "बाईसाब, दूध आटायलंय तुमचं. काही खायलाव का न्हाई?" मी तिच्यावर डाफरले. मी मॅट्रिक झालेली, ही अंगठा उठवणारी, ही मला काय सांगते. भाद्रपद उजाडेतो दूध संपलं. मग पोरीला तांदळाची पेज, साखरेचं पाणी. गवळ्याचं दूध घेता आलं असतं, पण मी हिशेब मांडला की पेजेवर गप्प राहते तर कशाला. वर्षभर तशीच वाढवली. माझं जेवण आणि तिचं दूध मिळून जे वाचलं, त्यातून देवाला नैवेद्याची चांदीची वाटी केली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, एका पोरीबद्दल खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदू भराभर वाढतो, आणि तो पोटात जाणाऱ्या अन्नावरच वाढतो. ज्वारी पोटरीत, दाणा धरायच्या बेतात असताना पाणी चुकलं की कणीस पोचट राहतं, मागाहून कितीही पाणी द्या. मी विचारलं, मग आता काहीच नाही का? म्हणाल्या, आता तरी पाणी तोडू नका. दूध, शेंगदाणे, डाळ, पालेभाजी द्या, एका वेळी एकच गोष्ट शिकवा, आणि डोक्याला हात लावू देऊ नका. तसं चाललं आहे. परवा तीनपैकी दोन जिन्नस बरोबर आणले. तिसरी गाठ तशीच होती, पण ती रडली नाही.

माझा राग देवावर नाही, लीला. रोज त्याच्यापुढे बसते. त्यानं कधी मागितलं होतं? जिच्यासाठी नेम धरला, तिच्याच तोंडातलं काढून मी त्याच्यापुढे ठेवलं, आणि शहाण्यासुरत्या बायकांनी त्यासाठी मला कुंकू लावलं. एकीनंही पाळण्यात वाकून पाहिलं नाही.

आता तुझ्या दोन ओळी. 'अक्का, द्वारकेला पाठांतर यावं म्हणून मीही आषाढीपासून धरणं-पारणं धरलंय. हल्ली तान्ही सारखी किरकिर करते, दृष्ट काढली.' ती दृष्ट नाही गं, ती भूक आहे. माझ्या लेकीसाठी तू तुझ्या लेकीच्या तोंडचा घास काढते आहेस, आणि मला ते पुण्य म्हणून कळवते आहेस. तुझ्या नेमाचे उरलेले दिवस आज सकाळी मी देवापुढे पाणी सोडून माझ्या नावावर घेतले. माझ्या अंगावर आता कुणी पीत नाही. तुझ्या सासूबाईंना हे सांग. त्या चिडल्या तर हे पत्रच वाचून दाखव. परत निघालेल्या चंद्रभानबरोबर ती चांदीची वाटी धाडते आहे. दुधानं भरून देवापुढे क्षणभर ठेव आणि तिथेच बसून तू पी. उद्या पारणं आहे की धरणं, ते आता मी मोजीन. तू उलट टपाली एवढंच कळव, आज काय जेवलीस.

तुझीच,
विमलाक्का