‘मऊ बसवा’ म्हणाले ती मीच

ता. ४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

डोंगरावर सुखरूप पोचले. ज्यांच्या मधमाश्यांचं काम घेतलंय त्या मधपाळबाईंनी तंबू ठोकून ठेवला होता. इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. उत्तर तू स्वतः लिहायचंस. ‘मला मेलीला कुठं लिहिता येतं’ हे मी ऐकून घेणार नाही. चौथीपर्यंत शिकली आहेस. मागचं पत्र दोन पानी होतं आणि त्यात एकच पूर्णविराम होता, तोही शाईचा डाग निघाला, पण मला सगळं समजलं.

आता कामाचं. माझी पिकअप तुझ्या दारात उभी आहे. तिचे मागचे शॉकअप तेल गाळताहेत, पुढचेही थकलेत, चारही बदलायचे आहेत. मिस्त्री गाडी न्यायला येईल. तो चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नाही, तेव्हा चिठ्ठी तू लिहून दे. त्याला टणक शॉकअप बसवायला सांग, ज्यांच्या तेलाची डबी बाजूला वेगळी असते ते. महिनाअखेर मला चाळीस मधपेट्यांची ट्रॉली मागे जोडून इथवर आणायची आहे. शेवटचे बारा किलोमीटर रस्ता नाहीच, नुसते दगडगोटे. ट्रॉलीचं ओझं हुकावर आलं की गाडीचं बूड बसतं. त्यात शॉकअप मऊ असले तर गाडी होडीसारखी डुलते आणि उतारावर ट्रॉलीच तिला ढकलत नेते.

टणक शॉकअप रिकाम्या गाडीत हाडं मोजतात, हे मला माहीत आहे. तुझ्या कमरेची माफी आधीच मागून ठेवते. स्वतःची अक्कल चालवू नकोस, एवढंच मागणं.

लोभ आहेच, तो पोस्टाने पाठवत जा.

तुझी,
भिंगरी

—

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. पूर्णविरामाचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. या पत्रात बघ, जागोजागी टिंबं दिली आहेत. मोजून घे.

मिस्त्री आला होता. त्याला आत बसवून चहा दिला. माणूस मोठा गोड, पण खुर्चीवर बसेना. कपड्याला ग्रीस आहे म्हणाला आणि उंबऱ्यावर टेकला. मी त्याला विचारलं की बाबा, हे शॉकअप करतात तरी काय, वजन उचलतात का. तो म्हणाला, नाही आजी, वजन उचलते स्प्रिंग. पण स्प्रिंग एकदा दाबली की ती उड्याच मारत सुटते, आणि शॉकअप तिला दंडाला धरून खाली बसवतो. मी म्हटलं, म्हणजे आमचे हे आणि मी. ते उड्या मारायचे आणि मी दंड धरायची. मिस्त्री इतका हसला की चहा सांडला. मग त्यानेच फडकं मागून जमीन पुसली. असा माणूस आजकाल मिळायचा नाही.

मग त्याच्याबरोबर वर्कशॉपवर गेले. मला बघायचंच होतं गं. काय सांगू, घरात माझ्या डब्यांवर नसतील इतके नीट त्याच्या खिळ्यामोळ्यांच्या डब्यांवर शब्द लिहिलेले. भिंतीवर एक लांब खिळा आहे, त्यावर सगळ्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. काम झालं की तीन वर्षं जपून ठेवतो म्हणे. त्याने मला दोन्ही प्रकारचे शॉकअप हातात दिले. एक दाबला तर लोण्यात बोट जावं तसा गेला. दुसरा दोन्ही हातांनी दाबला तरी हलेना, आमच्या थोरल्या जावेसारखा. मी चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि खिळ्याला लावली.

परवा गाडी झाली. मिस्त्रीने मला पुढे बसवून सगळ्या गावाला चक्कर मारून आणली. अगं भिंगरे, काय गाडी चालते! पाळण्यात बसल्यासारखं. शाळेपुढच्या त्या खड्ड्यातून गेलो तर मला कळलंसुद्धा नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा गाडीतून उतरताना मी ‘अगं आई गं’ म्हटलं नाही. तू आलीस की मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. चष्म्याचं निमित्त, मला फिरायचं आहे.

कळावे. माया वाढती आहे, तशीच तिकडूनही येऊ दे.

आजी

—

ता. ३० मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच की मी ठीक आहे. डावं मनगट मुरगळलंय, पट्टी बांधली आहे, बाकी काही नाही.

पेट्या घेऊन येताना शेवटच्या उतारावर गाडी डुलायला लागली. एका दगडावरून गेली ती थांबेचना, वर-खाली, वर-खाली. मागून ट्रॉली डावीकडे गेली, मग उजवीकडे. मी गाडी कशीबशी कड्याच्या भिंतीला घासून थांबवली. तोवर पट्टे तुटून सहा पेट्या खाली गेल्या होत्या. दोन पार फुटल्या. मधपाळबाई फुटक्या फळ्यांमध्ये संध्याकाळपर्यंत राणीमाशी शोधत होत्या. सापडली नाही. मग उरलेल्या पेट्या मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच उतरवल्या.

गाडीखाली शिरून पाहिलं तर शॉकअप मऊ! दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली येऊन वर्कशॉप गाठलं. हात बांधलेला पाहून तू घाबरली असतीस, म्हणून घरी आले नाही. मिस्त्रीला म्हटलं, चिठ्ठी दाखवा. म्हणाला, हरवली. ज्याची तीन वर्षांची चिठ्ठी हरवत नाही त्याची तीन आठवड्यांची हरवली! मग खाली मान घालून म्हणाला, चूक झाली माझी. त्याच्याजवळ टणक नसतील आणि होते ते ठोकून दिले, दुसरं काय. मी नदीपलीकडच्या गॅरेजात जाऊन टणक बसवून घेतले.

आणि हो, स्टँडवर सगळ्या गाडीवाल्यांना सांगून आले की याच्याकडे गाडी टाकाल तर जिवाला मुकाल. दूधगाडीवाला, लाकूडवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, तिघांनीही त्याच्याकडचं काम बंद करतो म्हणून सांगितलं. तुला तो गोड वाटला होता ना? गोड माणसांपासून जपून राहा.

राग तुझ्यावर नाही. लोभ नेहमीसारखा.

भिंगरी

—

ता. ३ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहिते.

मनगटाला शेक देत जा. त्या हाताने पाण्याच्या बादल्या उचलू नकोस.

बाई गं, मऊ बसवा म्हणाले ती मीच. चिठ्ठीत मीच लिहिलं, माझ्या अक्षरात. मिस्त्री म्हणाला होता की आजी, ही गाडी ओझं ओढणारी, हिला टणक लागतात. मी त्याला तोंडावर सांगितलं की नातीचा निरोपच तसा आहे, आता ती ट्रॉली ओढणार नाही. खोटं बोलले, आणि ते सुद्धा चहाचा दुसरा कप पुढे करत. म्हणून तर त्याने चिठ्ठी दोनदा वाचली होती. मी तुला ते लिहिलं पण का वाचली ते लिहिलं नाही.

का केलं म्हणशील तर फार लहान कारण आहे, सांगायची लाज वाटते. तू मला कुठे नेतेस तेव्हा प्रत्येक खड्ड्याला माझ्याकडे बघतेस आणि गाडी हळू करतेस. मग मागचे लोक हॉर्न वाजवतात. पुढच्या वेळी तू म्हणतेस की आजी, तू घरीच थांब, मी आणते औषध. मला वाटलं, गाडी मऊ झाली तर मला घरी थांबायला सांगणार नाहीस. चाळीस पेट्यांचं तू लिहिलं होतंस. मी वाचलं होतं. पण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मी पुढच्या सीटवर बसलेली होते, मागची ट्रॉली दिसलीच नाही. सुनेला, लेकीला, सगळ्यांना जन्मभर सांगत आले की आपल्या सुखासाठी दुसऱ्याच्या पायाखालची फळी काढू नये. सांगायला काय जातं.

तुझं पत्र आलं तशी चप्पल घालून वर्कशॉपवर गेले. एरवी चार गाड्या असतात, एकही नव्हती. मिस्त्री आपले पाने एकेक करून पुसत बसला होता. मी रडायलाच लागले. त्याने स्टूल दिलं. मी विचारलं, चिठ्ठी का नाही दाखवलीस. त्याने वरच्या खिशातून काढली, घामाने मऊ झालेली. म्हणाला, तिचा हात बांधलेला, डोळे लाल. तेव्हा ती आजीवर चिडली असती तर तोंडून काय निघून गेलं असतं कुणास ठाऊक. मिस्त्री दुसरा मिळतो, आजी. आणि म्हणाला की चूक त्याचीही आहेच. ओझ्याच्या गाडीला मऊ बसवताना त्याचा हात अडखळला होता, तेव्हाच तुला विचारायला हवं होतं.

मी तशीच स्टँडवर गेले. सगळ्यांना गोळा करून सांगितलं की दोष माझा आहे. आणि भिंगरे, ते हसले गं. लाकूडवाला म्हणाला, आजी, तुमचं मन मोठं, मिस्त्रीच्या पोटावर पाय येतोय म्हणून आळ स्वतःवर घेताय. बसवाल्याने मला खाऊची पुडी दिली आणि घरापर्यंत सोडलं. सत्तर वर्षं खरं बोलून जे नाव कमावलं ते नेमकं खोट्याच्या कामी आलं. माझं कोणी ऐकत नाही. तू सांगितलंस तर ऐकतील. तोंड तू उघडलं होतंस, ते तूच मिटवू शकतेस.

मला रागाव. पण आधी येऊन त्याचं नाव धुऊन दे, मग रागाव. लोभ ठेवावा असं आज कोणत्या तोंडाने म्हणू.

आजी

—

ता. ९ एप्रिल

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला. तासभर पेट्या रंगवल्या, मग पुन्हा वाचलं. आता माझंही ऐक.

पेट्या न्यायला खाली आले आणि तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्या दिवशी मला पहिल्याच वळणाला कळलं होतं. हे शॉकअप टणक नाहीत, हे गाडी चालवणाऱ्याला न कळायला काय झालं? थांबून बघणार होते. तेवढ्यात तू खिडकीची काच खाली केलीस, डोकं बाहेर काढलंस आणि रस्त्यातल्या म्हशीला ‘सरक गं बाई, आमची स्वारी येतेय’ म्हणालीस. मी म्हटलं, असू दे, नंतर पाहू. नंतर मधपाळबाई घाई करायला लागल्या. मला वाटलं, हळू चालवू, निभेल. निभलं नाही.

म्हणजे ट्रॉली जोडताना मला माहीत होतं, आजी. तुला ट्रॉली दिसलीच नव्हती, मिस्त्रीला ती ओढणार हे ठाऊक नव्हतं, मला दोन्ही ठाऊक होतं. म्हणूनच स्टँडवर एवढ्या मोठ्याने ओरडले. ओरडताना मला माझाच आवाज खोटा वाटत होता.

मधपाळबाईंना काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला जोडणी त्या स्वतः तपासतील. माझ्यावर भरवसा नाही असं त्यांनी म्हटलं नाही, पण आहे असंही नाही.

गुरुवारी येते. स्टँडवर मी बोलेन. तू नुसती शेजारी उभी राहा, आणि कृपा करून मध्ये बोलू नकोस.

राग अर्धा उरलाय, लोभ पुरा आहे.

भिंगरी

—

ता. २४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी पुरते लिहिले आहेत.

तू बरं बोललीस. मी मध्ये तीनदाच बोलले. तू ‘मला माहीत होतं आणि तरी ट्रॉली जोडली’ म्हणालीस तेव्हा लाकूडवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. तू वर गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची गाडी वर्कशॉपवर उभी होती. दूधगाडीवाला सोमवारी आला, तोंड लपवत. मिस्त्रीने त्याला काहीही विचारलं नाही, नुसतं बॉनेट उघडलं.

मिस्त्रीकडे मी माफी मागायला गेले तर तो म्हणाला, आजी, झालं ते झालं, चहा टाका. पण पहिल्यासारखा उंबऱ्यावर टेकून हसत नाही. चहा पितो आणि उठतो. ते माझं मलाच भोगायला हवं.

शाळेच्या बसवाला काही परत आलेला नाही. त्याला नदीपलीकडचं गॅरेज सोयीचं वाटायला लागलंय म्हणे. मग मी काय करते, रोज सकाळी शाळा भरायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहते. मुलं उतरली की त्याच्या खिडकीशी जाते आणि पहिल्यापासून सगळं सांगते, की मिस्त्रीचा दोष नव्हता, मी काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं. पहिल्या दिवशी त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आजी, कळलं मला. तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, आजी, पोरांसमोर नको, खरंच कळलं. मी म्हटलं, कळलं तर मग बस त्याच्या दारात का दिसत नाही?

आज सहावा दिवस झाला. त्याने मला बघून काच वर केली. म्हणून मी दारावर टकटक केलं.

उद्या पुन्हा जाणार आहे. तू मनगटाला जप, आणि ही म्हातारी आहे तोवर तिच्यावर माया करत राहा.

आजी